टाकळा, तरवड, कासविंदा : पिवळ्या फुलांचे सेन्ना ओळखायचे कसे?

पिवळ्या फुलाचा अगदी जवळून काढलेला सुरेख फोटो आणि खाली प्रश्न, ‘हे कोणतं झाड?’ सेन्ना म्हणजे टाकळा, तरवड, कासविंदा असल्या वनस्पतींची प्रजाती, जवळच्या जातींचा गट, आणि तिच्या बाबतीत या प्रश्नाला बहुतेक वेळा ठाम उत्तर देता येत नाही. पाच पिवळ्या पाकळ्या, मधे कमी-जास्त लांबीचे पुंकेसर आणि एका बाजूला वाकलेला हिरवा अंडाशय, एवढं तर या प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्यांकडे असतं. जगभरात सेन्नाच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पिवळ्याच फुलतात. फूल तुम्हाला सेन्नाच्या दारापर्यंत आणून सोडतं. आत कोण राहतं हे पान आणि शेंग सांगते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती ही : फूल दिसलं की नजर फुलावरून काढून पानाच्या देठावर न्यायची. तिथे एक बारीकसा उंचवटा, म्हणजे ग्रंथी, असतो किंवा नसतो, आणि अर्धी ओळख त्यावरच होते.

आधी खात्री करा : हा सेन्नाच आहे का?

सेन्नाचं पान संयुक्त असतं, पण एकदाच विभागलेलं. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या भागांच्या, जोड्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. दांडी एका जोडीनेच संपते. एवढ्या एका खुणेने बरेच तोतये गळतात. सोनमोहोराचं फूल पिवळं असलं तरी त्याचं पान दोनदा विभागलेलं, गुलमोहरासारखं बारीक असतं. खुळखुळ्याच्या जातींची आणि शेवरीची फुलं वाटाण्याच्या फुलासारखी, पंख मिटलेल्या फुलपाखराच्या घडणीची असतात. बागेतली पिवळी घंटी, म्हणजे टेकोमा, तर या कुळातलीही नाही. तिचं फूल कर्ण्यासारखं जोडलेलं असतं आणि पर्णिकांच्या कडा करवती असतात. सेन्नाच्या पर्णिकेची कड नेहमी सलग असते.

खरी अडचण सख्ख्या नातेवाइकांची. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना ‘कॅसिया’ म्हटलेलं सापडेल. 1982 साली आयर्विन आणि बार्नेबी या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या अवाढव्य प्रजातीची तीन भागांत नीट मांडणी केली : कॅसिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा. त्यामुळे ‘कॅसिया टोरा’ आणि ‘सेन्ना टोरा’ ही दोन झाडं नव्हेत, एकाच टाकळ्याची जुनी आणि नवी नावं आहेत. जुनं पुस्तक वापरायला काहीच हरकत नाही, फक्त नाव जुळवून घ्या.

बहावा कॅसियातच राहिला. त्याचं कारण फुलात डोकावलं की दिसतं. त्याच्या खालच्या तीन पुंकेसरांचे तंतू खूप लांब आणि कमानीसारखे वळलेले असतात. सेन्नात तंतू सरळ असतात आणि सहसा परागकोशाहून फार लांब नसतात. शिवाय बहाव्याचे घोस खाली लोंबतात आणि शेंग फूट-दीड फूट लांब, दंडगोल, न फुटणारी असते.

कॅमेक्रिस्टा बहुतेक छोट्या, जमिनीलगतच्या वनस्पती. पर्णिका पुष्कळदा लाजाळूसारख्या बारीक आणि असंख्य. देठावरची ग्रंथी असलीच तर वाटीसारखी किंवा चपट्या चकतीसारखी. शेंग वाळली की तडकते आणि तिच्या दोन्ही फाका पिळवटून बिया उडवतात. शंका उरलीच, आणि झुडूप तणासारखं मुबलक असलं, तर एखादं रोप हलकेच मुळासकट उपटा. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सेन्ना नाही. कॅमेक्रिस्टाच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी धरतात, सेन्नाच्या मुळांवर धरत नाहीत. कॅमेक्रिस्टातलाच चिमड हाताला चिकट लागतो आणि त्याला पर्णिकांच्या दोनच जोड्या असतात. त्यामुळे त्याच्यापाशी फार वेळ घालवायची गरज पडत नाही.

पान निवडा आणि जोड्या मोजा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पट्टी आणि वही एवढं सामान पुरे. पान निवडताना फांदीच्या मधल्या भागातलं, पूर्ण वाढलेलं, न कुरतडलेलं निवडा. शेंड्याजवळचं कोवळं पान जोड्या कमी दाखवतं. रोपाची पहिली पानंही फसवतात. एका झाडाची चार-पाच पानं मोजा आणि आकडा ‘6 ते 8’ असा पल्ल्यात लिहा. संध्याकाळी उशिरा गेलात तर पर्णिका मिटलेल्या सापडतील. सेन्ना रात्री पानं मिटून घेतात, तेव्हा मोजणी दिवसा उरका.

जोड्यांच्या आकड्यावरून ढोबळ गट पडतो. तीन जोड्या आणि पर्णिका टोकाशी रुंद, गोलसर : टाकळ्याचा गट. चार-पाच जोड्या आणि पर्णिका टोकदार : बहुधा कासविंदा. सहापासून पुढे गर्दी सुरू होते. कासुंदा, तरवड, काशीद, दादमर्दन, शोभेच्या बऱ्याच जाती सगळ्या तिथेच, आणि तिथे नुसता आकडा कामाला येत नाही.

आता ग्रंथी शोधा

पानाच्या देठावर किंवा पर्णिकांच्या जोड्यांमध्ये काही सेन्नांना मध पाझरणारी ग्रंथी असते. मध फुलाबाहेर, पानावर. हा मध मुंग्यांसाठी असतो. मुंग्या त्यासाठी झाडावर वावरतात आणि पान खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. शोधायची युक्तीही तीच : मुंगी ज्या ठिकाणी वारंवार थांबते तिथे भिंग लावा. पान वरच्या बाजूने पाहा, खालून ग्रंथी दिसत नाही. जून पानावर ती सुकून काळी पडते किंवा गळून जाते, म्हणून ‘ग्रंथी नाही’ असं लिहिण्याआधी निदान तीन ताजी पानं तपासा.

टाकळ्याचं पान हातात घ्या. देठ नुसताच, कोरा. पर्णिकांची पहिली जोडी जिथे दांडीला चिकटते, तिथे दोन पर्णिकांच्या बरोबर मधे एक बारीक, उभी, टोकाकडे निमुळती नारिंगीसर काडी दिसेल, जेमतेम दोन मिलिमीटरची. वर सरकून दुसऱ्या जोडीपाशी या, तिथेही तशीच एक. तिसऱ्या जोडीत नाही.

कासविंद्याचं पान घेतलंत तर हेच ठिकाण रिकामं. त्याची ग्रंथी अगदी खाली, देठ खोडाला जिथे जोडला जातो तिथल्या फुगीर सांध्याला लागून असते. एकच, ठळक, गोलसर घुमटासारखी, पिकल्यावर तांबूस-काळपट. म्हणून पान तोडताना देठाच्या मुळापासून तोडा. वरून खुडलेल्या पानावर पुरावाच येत नाही. फोटो काढणारेही नेमका हाच भाग चौकटीबाहेर ठेवतात.

तरवडात प्रत्येक जोडीच्या मधे एकेक उभी, सडपातळ ग्रंथी. आठ ते बारा जोड्या असल्या तर दांडीवर ग्रंथींची अख्खी रांग. बागेतल्या सेन्ना सुरत्तेन्सिसमध्ये फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत. आणि काशीद, दादमर्दन, सोनामुखी, सेन्ना स्पेक्टॅबिलिस यांना ग्रंथी नसतेच. एवढी एक नोंद केली की वरच्या सहापासून पुढच्या गर्दीचे लगेच दोन भाग होतात.

उपपर्णं आणि तुरा

देठ खोडाला जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना छोटी पानासारखी उपांगं असतात, ती उपपर्णं. बहुतेक सेन्नांत ती बारीक असतात आणि लवकर गळतात, म्हणून शेंड्यापाशी बघावी. तरवडात मात्र ती मोठी, गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराची आणि टिकाऊ असतात. फुलं नसलेल्या दिवसांतही माळरानावरच्या करड्या-हिरव्या झुडपाला ती दिसली आणि सोबत ग्रंथींची रांग असली, की तरवडाबद्दल वाद उरत नाही. माझ्या मते सेन्ना शिकायला सुरुवात तरवडापासूनच करावी. त्याच्या सगळ्या खुणा मोठ्या आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत.

फुलं कशी लागतात हेही लिहून ठेवा. टाकळ्याची फुलं पानांच्या बगलेत, बहुधा जोडीने, काहीशी खाली झुकलेली असतात. कासविंद्यात लहान आखूड झुपके. दादमर्दनाचा तुरा मेणबत्तीसारखा ताठ उभा असतो आणि न उमललेल्या कळ्या नारिंगी-पिवळ्या सहपत्रांनी (कळीखालच्या छोट्या पानांनी) झाकलेल्या असतात. फूल उमललं की सहपत्र गळतं. असा तुरा दिसल्यावर पुढची कुठलीही तपासणी केली नाही तरी चालेल.

शेंग : शेवटचा शब्द तिचाच

शेंग गोल आहे की चपटी, सरळ आहे की वाकडी, कातडी आहे की कागदी, आणि बियांच्या मधे खाचा आहेत का, हे चार प्रश्न विचारा. कोवळ्या शेंगेवरून निकाल देऊ नका. कासुंद्याची फुगीर शेंगही सुरुवातीला चपटीच असते.

तरवडाची शेंग चपटी, पातळ, तपकिरी कागदासारखी. काशीदाची चपटी पण लांब आणि कडांना जाड. दादमर्दनाच्या शेंगेच्या प्रत्येक फाकेवर मधोमध उभा, दातेरी पंख असतो. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, साधारण चौधारी. सोनामुखीची आखूड, रुंद आणि अगदी पातळ. तिच्या शेजारचा सेन्ना इटालिका शेंगेच्या विळ्यासारख्या बाकावरून आणि बियांवरून मधोमध गेलेल्या उंच कंगोऱ्यावरून वेगळा निघतो.

नेहमी गोंधळ होणाऱ्या जोड्या

*कासविंदा आणि कासुंदा.* म्हणजे सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस आणि सेन्ना सोफेरा. स्थानिक नावं इतकी सरमिसळ होऊन वापरली जातात की नावावर अवलंबून राहूच नका. दोघांचीही ग्रंथी देठाच्या तळाशी, दोघांचाही पाला चुरगळला की उग्र वास. फरक असा : ऑक्सिडेंटॅलिसला जोड्या साधारण चार-पाच, पर्णिका तळाशी रुंद आणि टोकाला निमुळत्या, ग्रंथी गोलसर. सोफेराला जोड्या सहा ते दहा, पर्णिका अरुंद भाल्यासारख्या, ग्रंथी लांबट, निमुळती. पिकल्या शेंगांवर तर शंकाच राहत नाही. ऑक्सिडेंटॅलिसची शेंग चपटसर, किंचित वर वळलेली, मधे तपकिरी पट्टा आणि कडा फिकट. सोफेराची फुगून जवळजवळ गोल झालेली. ऑक्सिडेंटॅलिससारखंच पण अंगभर लांब केस आणि शेंगाही केसाळ, असं झुडूप भेटलं तर सेन्ना हिर्सुटाचा विचार करा.

*कासविंदा आणि टाकळा.* जाणकाराला ही जोडी सोपी वाटते, नवख्याला रोपं लहान असताना जड जाते. आणि इथली चूक महाग पडू शकते. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. त्या खाल्ल्याने गुराढोरांचे स्नायू निकामी होतात. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचं मूळ याच शेंगा खाण्यात असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. टाकळ्याच्या बियांपासून खाद्यपदार्थांत वापरायचा जो डिंक बनतो, त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही कच्च्या बियाण्यात कासविंद्याची भेसळ 0.05 टक्क्यापेक्षा कमी असावी अशी अट आहे. तेव्हा ग्रंथी देठाच्या तळाशी की पर्णिकांच्या मधे, हे पाहिल्याशिवाय यातलं काहीही पोटात जाऊ देऊ नका. उग्र वास ही खूण धरू नका, वास दोघांनाही येतो.

*टाकळा आणि त्याचा जुळा.* सेन्ना टोरा आशियातला आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया अमेरिकेतला; नंतर तो उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरला. तीन जोड्या, गोल टोकाच्या पर्णिका, बारीक लांब शेंग, सगळं तेच. कित्येक वर्षं दोघांना एकच मानलं जायचं आणि आजही कितीतरी याद्यांत ते एकमेकांच्या नावाने नोंदलेले असतात. फरक चार ठिकाणी बघायचा. टोराला सहसा दोन ग्रंथी, खालच्या दोन जोड्यांत. ऑब्ट्युसिफोलियाला सहसा एकच, सर्वांत खालच्या जोडीत. टोराच्या फुलाचा आणि शेंगेचा देठ आखूड, सेंटिमीटरच्या आतबाहेर. दुसऱ्याचा लांब, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. ऑब्ट्युसिफोलियाची शेंग बरेचदा विळ्यासारखी वाकलेली. आणि शेवटी बी : चकचकीत तपकिरी बीच्या बाजूला एक फिकट पट्टा असतो. टोरात तो रुंद, दीड-दोन मिलिमीटरचा. ऑब्ट्युसिफोलियात नुसती बारीक रेघ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. चारपैकी एकाच खुणेवर विसंबू नका. ग्रंथींची संख्या अधूनमधून दगा देते. बीवरचा पट्टा मात्र भरवशाचा, म्हणून शेंग पिकेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.

*सेन्ना युनिफ्लोरा.* हा टाकळ्याच्या गर्दीत मिसळून उगवतो आणि नवखे त्याला ‘केसाळ टाकळा’ समजून पुढे जातात. तोही मूळचा अमेरिकेतला. अंगावर मऊ सोनेरी-तपकिरी केस, तीन ते पाच जोड्या, जवळजवळ प्रत्येक जोडीत ग्रंथी, फुलं टाकळ्याहून लहान. शेंग पाहिली की खेळ संपला : जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर, सरळ, आणि दर दोन बियांमध्ये खोल आडवी खाच. गाजरगवताला हटवायला हे झुडूप मुद्दाम पेरण्याचे प्रयोग धारवाडच्या परिसरात झाले होते. गाजरगवत मागे हटलं, पण त्याची जागा या दुसऱ्या परक्या तणाने घेतली.

*मोठी झाडं.* काशीद, म्हणजे सेन्ना सायमिया, आग्नेय आशियातला आणि रस्त्याकडेला खूप लावलेला. सेन्ना स्पेक्टॅबिलिस अमेरिकेतला. वायनाड-मुदुमलाईच्या जंगलांत तो आक्रमक होऊन पसरला आहे. ग्रंथी दोघांनाही नाही. काशीदाच्या पर्णिकेचं टोक गोलसर आणि त्यावर केसासारखी इवलीशी अणी. स्पेक्टॅबिलिसची पर्णिका सरळ टोकदार, खालून मऊ केसाळ, आणि जोड्याही जास्त, दहा ते पंधरा किंवा त्याहून थोड्या अधिक. शेंग हातात आली तर पानाची गरजच नाही : काशीदाची चपटी, स्पेक्टॅबिलिसची दंडगोल.

*सुरत्तेन्सिस.* बागेतलं लहान, वर्षातला बराच काळ फुललेलं झाड. खालच्या जोड्यांमधल्या ग्रंथी वर सांगितल्याच. इथे फूलही मदतीला येतं, कारण याचे दहाच्या दहा पुंकेसर परागक्षम असतात. बहुतेक सेन्नांत वरचे तीन वांझ आणि खुजे राहतात. याचा मोठ्या पर्णिकांचा आणि कमी जोड्यांचा भाऊबंद काही अभ्यासक स्वतंत्र जाती मानतात, काही उपजाती. तो वाद तुम्ही सोडवायचा नाही.

मग फुलाचं करायचं काय?

फूल अगदीच निरुपयोगी नाही. पुंकेसर मोजा : किती मोठे, किती मध्यम, किती खुजे. परागकोशाच्या टोकावर भिंग लावा, तिथे बारीक छिद्र दिसेल. सेन्नाच्या फुलात मध नसतो, परागच असतात आणि ते या छिद्रांतून बाहेर पडतात. सुतार भुंगा फुलाला पकडून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा ते उडतात. त्या वेळचा आवाज उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा असतो. अंडाशय कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळलेला दिसतो. त्यावरून दोन जाती करू नका. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं असतात. पानांवर हिरव्या अळ्या असल्या तर बहुधा कॅटोप्सिलिया प्रजातीतल्या पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या. त्या गट सांगतात, जाती सांगत नाहीत, कारण बहाव्यावरही त्या वाढतात.

नोंद आणि फोटो

पूर्ण झाड, देठाच्या तळापासून टोकापर्यंत सपाट धरलेलं एक पान, वरून, देठाचा तळ आणि सर्वांत खालची जोडी जवळून, शेंड्याजवळची उपपर्णं, तुरा बाजूने, शेंग शेजारी पट्टी ठेवून, शक्य असेल तर शेंग उघडून बिया. फुलाचा एक फोटो हौसेसाठी काढाच. सोबत झाडाची उंची, जागा ओलसर की खडकाळ, आणि झाड लावलेलं की आपसूक उगवलेलं, हे लिहा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि त्यामुळे बागेतली जाती रानातल्या याद्यांत घुसते.

शेंग नसेल आणि ग्रंथी सापडत नसेल, तर वहीत नुसतं ‘सेन्ना, जाती अनिश्चित’ असं लिहा, जागेची खूण करा आणि शेंगा वाळायच्या दिवसांत पुन्हा तिथे जा.